मोबाईलमधलं रान

“हिरवं दाबलं बाई मी. फोन आल्यावर हिरवंच दाबतो ना आपन?” मार्थाबाईंनी मोबाईल लेकीच्या हातात दिला आणि कोरडेच हात पदराला पुसत उभ्या राहिल्या.

एंजेलाने पाहिलं. पडद्यावर, शेतीच्या खेळात, नुसतं मोकळं माळरान. विहीर नाही, गोठा नाही, डांगरांचे वाफे नाहीत. जुनं शेत पुसून नवीन सुरू करायचं का, असं खेळाने इंग्रजीत विचारलं होतं आणि आईने होकार दिला होता.

एंजेलाच्या वडिलांनी, शलमोननी, जन्मभर बेलापूरच्या बागायतदारांचे ट्रॅक्टर चालवले. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन झाली नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. तेव्हा एंजेलाने हा शेतीचा खेळ त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. पप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांचं कुठे अडलं नाही. खेळातला जाडा दुकानदार काही बोलला, की पप्पाच मनाने त्याचं मराठी करून सांगत, “मार्था, हा म्हनतोय खत संपलं, सोमवारी या. सोसायटीच्या चेअरमनचा पाव्हना दिसतोय!” आई भाकरी थापता थापता हसायची.

एंजेलाने खेळ बनवणाऱ्यांना विचारलंही होतं, मराठीत का नाही म्हणून. पंकजा नावाच्या कुणा बाईंचं नम्र उत्तर आलं. तुमच्या जिल्ह्यात खेळणारे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचे मोबाईल इंग्रजीत आहेत. मराठी मागणारं कोणी दिसत नाही. पप्पांचा मोबाईलही दुकानातून आला तसाच, इंग्रजीत राहिला होता. चौथी नापास माणूस खेळवाल्यांच्या हिशेबात इंग्रजी वाचणाऱ्यांत धरला गेला होता. हे कळल्यावर पप्पा खूश झाले होते. “मंग सांग पाळकसाहेबांना. येत्या रविवारी चर्चमध्ये इंग्लिश शास्त्रपाठ मी वाचतो.”

“परत येतं का गं ते?” आईने विचारलं.

“नाही, आई. ह्या मोबाईलमध्येच होतं सगळं.”

“मला वाटलं, पानी द्यावं. ह्यांची डांगरं सुकत आली हुती.”

एंजेला मोकळ्या माळावरून बोट फिरवत राहिली. पप्पा गेले, त्यांची माती झाली, तेव्हापासून तिने ते रान एकदाही उघडलं नव्हतं. ते आहे, एवढंच तिला पुरत होतं.

“बोल की. शिव्या तरी दे.”

“शिव्या कशाला देऊ?”

“मंग कर सुरू परत. नांगरायला मी हाय.”

खेळाने मालकाचं नाव विचारलं.

“ह्यांचंच टाक,” आई म्हणाली.

एंजेलाने मराठीत टाकलं. बांधावर लाकडी पाटी उभी राहिली. पाटीवर नाव उमटलंच नाही. नुसते रिकामे चौकोन आले, एकापुढे एक.

“ह्यात आपली अक्षरंच नाहीत, आई. थांब, इंग्रजीत टाकते.”

“ऱ्हाऊ दे.” आईने मोबाईल ओढून घेतला, चष्मा नीट केला. “पाटी कुनाची हाय, मला म्हाईत हाय.”

आणि पडद्यावर बोट टेकवून, बांधाच्या कडेने, मार्थाबाईंनी नांगराचं पहिलं तास धरलं.