मागे चिकटवलेली चिठ्ठी

कुडाळच्या त्या छोट्याशा डिझाइन कॉलेजात हरिश्चंद्र सरांचे नियम मोडायची कोणाची छाती नव्हती. दर शुक्रवारी प्रत्येकाने आपलं काम भिंतीवर लावायचं. बाकीच्यांनी आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, नाव घालायचं नाही. सर त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत, आणि ज्याचं काम असेल त्याने तोवर गप्प बसायचं. कोणी ‘पण सर, मला म्हणायचं होतं की...’ असं सुरू केलं की सर विचारत, "पोस्टर नाक्यावर लागल्यावर तू शेजारी उभा राहून लोकांना समजावणार आहेस का?" शेवटचा नियम असा, की त्यातलं निदान एक मत घेऊन काम सुधारायचं, आणि ज्या चिठ्ठीमुळे सुधारलं ती पक्क्या कामाच्या पाठीवर चिकटवायची. कोणाचं ऐकलं ते दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

आता नियम कितीही चांगला असला तरी तो पाळणारी माणसंच ना? वीस पोरांच्या वर्गात पंधरा चिठ्ठ्या ‘मस्त’, ‘भारी’, ‘रंग झकास’ अशाच निघायच्या. कोणी कोणाला दुखवायचं नाही, म्हणजे आपल्या पाळीला आपल्यालाही कोणी दुखवत नाही, असा सगळा घरगुती मामला.

या वर्गात खरं लिहिणाऱ्या दोघीच होत्या. एक देवगडजवळच्या जामसंड्याच्या शाळामास्तरांची भार्गवी आणि दुसरी मालवणची सँड्रीना. सँड्रीनाचा बाप फॉस्टिन होड्यांवर नावं रंगवायचा. तीन वर्षं दोघी एका बाकावर बसत आल्या होत्या, आणि एकमेकींची अक्षरं दोघींना पाठ होती. निदान सँड्रीनाचं अक्षर भार्गवीला पाठ होतं. उलट बाजूचा विचार तिने कधी केला नव्हता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

शेवटच्या वर्षी पणजीच्या एका स्टुडिओने कळवलं, की तुमच्यातल्या एकाला आम्ही सहा महिने कामावर घेतो. निवड एका पोस्टरवरून होणार होती, विषय ‘माझ्या गावातली एक गोष्ट’. ती जागा दोघींनाही हवी होती. भार्गवीला हवी होती कारण तिला पहिलं यायची सवय होती. सँड्रीनाला हवी होती कारण नाहीतर तिला कुडाळातल्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करत बसावं लागणार होतं. पणजीला तिची डोरथी मावशी होती, राहायची सोयही झाली असती.

कच्च्या कामाच्या शुक्रवारी भार्गवीने देवगडचा हापूस लावला. पिवळाधमक, तुळतुळीत, वर दोन हिरवी पानं. सगळ्या चिठ्ठ्या ‘भारी’ निघाल्या, आणि ती मनातल्या मनात फुलत असतानाच सरांनी एक वाचली: ‘हा आंबा पेटीवरचा आहे. तुमच्या परड्यातला कुठे आहे?’

वर्ग हसला. भार्गवीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चिठ्ठी कोणाची ते तिला लांबूनच कळलं. आणि झोंबल्या त्या चिठ्ठी खोटी होती म्हणून नव्हे. आंबा तिने खरोखरच इंटरनेटवरून उतरवला होता.

त्यानंतर लगेच सँड्रीनाचं पोस्टर लागलं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासळीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं, नुसत्या पाठी आणि ताणलेला दोर. खाली मोठ्या अक्षरात ‘रापण’. अक्षरं तिने बापासारखी ब्रशने काढली होती, जाड, कडेला सावली घातलेली, आणि होडीच्या फळीला बाक असतो म्हणून शिरोरेघही किंचित वाकलेली. मागच्या बाकांवरचे बघायला उठून उभे राहिले. भार्गवीला त्याच क्षणी कळलं की जागा हिची आहे, आणि ती या अक्षरांमुळे आहे.

तिने कागद ओढला आणि लिहिलं: ‘अक्षरं गावठी वाटतात. पणजीचे लोक हसतील. साधा, स्वच्छ फॉन्ट वापर.’

पाच सेकंदांचं काम. पुढे तिने मनाची पुष्कळ समजूत घातली, की हे आपलं प्रामाणिक मत होतं, की मत विचारलं तेव्हा दिलं. पण लिहिताना तिने भिंतीवरच्या अक्षरांकडे पुन्हा पाहिलं नव्हतं, आणि प्रामाणिक मत लिहिणारा आधी कामाकडे बघतो.

शनिवारी ती घरी गेली. घरामागच्या परड्यातल्या झाडाचा आंबा काढून समोर ठेवला. देठाशी चिकाचा काळा ओघळ, एका अंगाला उन्हाचा डाग, आकारही जरा वेडावाकडा. तो तिने जसाच्या तसा काढला. चिठ्ठीचा राग होता, पण चिठ्ठी कामाची आहे एवढं कळण्याइतकी ती हुशार होती.

सोमवारी कँटीनमध्ये सँड्रीना तिच्यासमोर येऊन बसली.

"भार्गवी, माझी अक्षरां बदलू काय गो? तुका काय वाटता?"

देवाने माणसाला चूक सुधारायची संधी द्यावी तर अशी, चहाच्या कपासकट समोर आणून. ‘नको बदलू’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. भार्गवी बशीतल्या भजीकडे बघत म्हणाली, "माका कित्याक इचारतंस? तुझा काम, तूच बघ."

सँड्रीना उरलेला चहा प्यायली. मग "बरां" म्हणून उठली.

पुढच्या शुक्रवारी पणजीच्या त्या स्टुडिओच्या शर्मिष्ठा मॅडम आल्या. त्या एकेका कामासमोर उभ्या राहत, मग ते उलटून मागची चिठ्ठी वाचत. भार्गवीच्या आंब्यापाशी त्या हसल्या. "या आंब्याचा वास येतो," म्हणाल्या. मागची चिठ्ठी वाचून त्यांनी मानही डोलावली.

सँड्रीनाच्या पोस्टरपाशी त्या जास्त वेळ थांबल्या. पाठी तशाच होत्या, दोर तसाच होता. खाली मात्र सरळ, सपाट, कॉम्प्युटरवरची अक्षरं.

"चित्र फार ताकदीचं आहे," त्या म्हणाल्या, "पण अक्षरं परकी वाटतात. बँकेच्या जाहिरातीत चालतील अशी." मग त्यांनी पोस्टर उलटलं आणि मागची चिठ्ठी वाचली. त्यांची भुवई वर गेलेली भार्गवीने पाहिली. सँड्रीनाने नेमकी ती ‘गावठी’वाली चिठ्ठी निवडली असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जागा भार्गवीला मिळाली. घरी पेढे आले, बाबांनी शाळेत वाटले. भार्गवीला मात्र पेढा गिळवेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशी गत. आठ दिवस तिने कसेबसे काढले आणि नवव्या दिवशी सकाळी मालवणची एसटी धरली.

फॉस्टिन अंगणात एका दुकानाची पाटी घासत बसला होता. तिला बघताच उठला. "ये गो बाय! पणजेक जातंस म्हणे. बरां झाला. सँड्रीना मागच्या दारी आसा."

सँड्रीना पायरीवर बसून नारळ सोलत होती. भार्गवी शेजारी बसली. रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ती चिठ्ठी माझी होती," ती म्हणाली.

"माका म्हायत आसा," सँड्रीना म्हणाली. "तीन वर्सां तुझा अक्षर बघतंय मी."

"म्हायत होता? मगे ऐकलंस कित्याक?"

"तुझी होती म्हणान. दुसऱ्या कोणी लिवला असता तर मी ढुंकान बघूक नसतंय. बाकीचे सगळे ‘भारी’ लिवतत. तू माका कधी खोटा सांगूक नाय."

भार्गवीला वाटलं, आता उठावं आणि जावं. हिच्या मनात आपण एवढे चांगले आहोत तर तसेच राहू द्यावं. पण तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ता खोटा होता, सँड्रीना. तुझी अक्षरां सगळ्यांत बरी होती. माका लिवतानाच ठावक होता. आंब्याचा वाचून माका राग इल्लो. आणि तू जितशीत म्हणान भंय वाटला."

सँड्रीनाचे हात थांबले.

"मी मॅडमांका फोन करतंय," भार्गवी घाईघाईने म्हणाली. "सगळा खरा सांगतंय. ती जागा तुझी आसा."

"नको. अक्षरां मी माझ्या हातान काढून टाकलंय, तू टाकूक नाय." सँड्रीनाचा आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त कठीण होतं. "पप्पान इचारल्यान, अक्षरां कित्याक बदललंस? मी तेका सांगलंय, गावठी दिसतत, पणजेची माणसां हसतली. दुसऱ्या दिसाक एक होडयेवालो नाव रंगवक सांगूक इलो, तर तेका म्हणालो, कुडाळाक जा, थंय कॉम्प्युटरार बरां करून दितत."

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण एका पोरीची जागा घेतली एवढंच तिला आजवर वाटत होतं. या माणसाचा तर तिने विचारही केला नव्हता.

"मी तेका सांगू?" तिने विचारलं.

"सांग," सँड्रीना म्हणाली. "पण आज तू अक्षरां बरी म्हणतंस, त्या दिसा वायट म्हणालंस. खरा खंयचा, ता माका आता कसा समजतला?"

भार्गवी उठून पुढच्या अंगणात आली. फॉस्टिन पाटीवर पेन्सिलने रेघा आखत होता, पट्टी लावून, सरळ.

"अंकल," ती म्हणाली, "तुमची अक्षरां खूप सुंदर आसत. माका खरांच आवडतत. तुम्ही होडयेवर नावां काढूक सोडू नकात."

फॉस्टिनने वर पाहिलं. पोरीचं मन मोडू नये म्हणून माणूस हसतो तसा तो हसला, आणि पट्टी पुढे सरकवत म्हणाला, "व्हय गो बाय. चाय घेवन जा."