आधीचं बरं, की हे बरं?

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवून मला उभं करून ठेवलं आहे. गादीचा जन्म आडवं पडून राहण्यासाठी असतो, तरी मी उभी आहे, आणि तक्रार ऐकायला या खोलीत कुणी फिरकत नाही. तुम्ही आला आहात, तर बसा. माझी हकीकत गमतीची नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुम्हाला वाटेल, गादीत असून असून काय असणार? कापूस, नाहीतर स्पंज. मी त्यांतली नव्हे. मी झाडाची लेक आहे. रबराच्या झाडाच्या सालीला तिरकी खाच पाडतात, तिच्यातून पांढरा चीक थेंबाथेंबाने वाटीत उतरतो. तो कारखान्यात नेऊन अंडं फेटावं तसा फेटतात, फेस साच्यात ओततात आणि भाजतात. साच्यात सळयाच सळया उभ्या असतात, त्यामुळे माझ्या अंगाची पार चाळण झालेली आहे. पण त्या भोकांची मला लाज वाटत नाही. भोकं मोठी आणि फेस हलका असला की थर मऊ होतो. भोकं बारीक आणि चीक दाट असला की कडक. माझ्या पोटात असे तीन थर आहेत, एक मऊ, एक मध्यम आणि एक कडक. तिघांवर मिळून एकच खोळ, आणि खोळीला चेन. चेन उघडायची, थर वरखाली करायचे आणि आपल्या अंगाला मानवेल अशी गादी घरच्या घरी करून घ्यायची, अशी माझी रचना. एका गादीत इतक्या गाद्या मावतात म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत असे.

दुकानात माझा हा तोरा रोज उतरायचा. लोक यायचे आणि मला हाताने दाबून बघायचे, जणू उद्यापासून त्यांचा हात एकटाच झोपणार होता. कुणी मूठ खुपसायचं, कुणी कोपर. आडवं पडून मात्र कुणी बघायचं नाही, कारण चारचौघांत आडवं व्हायला माणसाला लाज वाटते. मग एक दिवस एक जोडपं आलं. बाईंनी सरळ चपला काढल्या, माझ्यावर आडव्या झाल्या आणि डोळे मिटले. त्यांचे यजमान बायकोची पर्स काखेत धरून, दुसरीकडेच कुठेतरी बघत उभे राहिले. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

विक्रेता चांगला अगडबंब होता आणि स्वतःच्या देहावर विनोद करायची त्याला सवय होती. तो बाईंना म्हणाला, "ताई, कडक-मऊ हे नुसतं गादीत नसतं, निजणाऱ्याच्या वजनातही असतं. मी पडलो तर कडक थरसुद्धा लोणी होतो. लहान पोर पडलं तर मऊ थरही त्याला फळीसारखा लागेल." त्याच्या पोटाकडे बघून दोघंही हसली. मग त्याने माझी आणखी एक तारीफ केली. माणूस उठला की या गादीत खड्डा राहत नाही, कितीही वर्षं निजा, अंगाचा ठसा म्हणून पडणार नाही. ऐकून मी फुलून गेले. खड्ड्याबद्दलचं हे बोलणं त्यांच्या लक्षात राहिलं आणि वजनाबद्दलचं हसण्यावारी गेलं.

यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. मीही तेच म्हणते. नंबर काढणं हे त्यांचं काम. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायचं, मग काढून दुसरं घालायचं, आणि विचारायचं, "आधीचं बरं, की हे बरं?" उभा जन्म त्यांनी हा एकच प्रश्न विचारला. बाई दुकानात चौकटी बसवायच्या. काडी जराशी गरम करून अशी वाकवायच्या की चष्मा कानाला टोचायचा नाही. कुणाचा कोणता कान वर आहे, हे त्यांना पाठ असायचं.

मी घरी आले त्या दिवशी चष्मेवाल्यांनी माझाही नंबर काढला. चेन उघडली, मऊ थर वर घातला, बाईंना निजवलं. मग मऊ काढून मध्यम घातला, पुन्हा निजवलं. "आधीचं बरं, की हे बरं?" बाई हसून हसून बेजार झाल्या. शेवटी कडक तळाला, मऊ मधोमध आणि मध्यम वर, असं ठरलं. बाईंच्या खांद्याला ते मानवलं आणि चष्मेवाल्यांच्या कमरेलाही. त्यांची कंबर जुनी दुखरी होती, मऊ अंथरुणावर ती जागच्या जागी धरायची.

ती माझी सुखाची वर्षं. दर सुट्टीच्या दिवशी बाई चादर बदलायच्या, मला वळवायच्या, खोळीवरून हात फिरवायच्या. आल्यागेल्याला माझं कौतुक ऐकवायच्या. दुपारी दोघं लवंडली की गिऱ्हाइकांच्या गोष्टी निघायच्या. चष्मेवाले सांगायचे, फार भिंगं बदलली की माणूस थकतो, मग नंबर काढणाऱ्याला बरं वाटावं म्हणून कशालाही "हे बरं" म्हणायला लागतो. तसं दिसलं की ते चौकट उतरवायचे, पाणी द्यायचे आणि घटकाभराने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आणि गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच" म्हणालं, की समजायचं नंबर सापडला. त्यांचा त्या वाक्यावर फार जीव होता. ते ऐकलं की त्यांचं त्या गिऱ्हाइकापुरतं काम संपायचं.

मग एके दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "अहो, हल्ली गादी कडक लागते."

मित्रांनो, मी होते तशीच होते. माझ्यात कणभरही फरक पडलेला नव्हता. फरक बाईंमध्ये पडला होता, आणि तो मला सर्वांच्या आधी कळला होता. पूर्वी त्या निजल्या की त्यांचा खांदा आणि कंबर माझ्यात नीट रुतायची, बाकीचं अंग मी अलगद झेलायची. आता त्या माझ्यात उतरतच नव्हत्या. वरच्या वर राहायच्या, आणि हाडं तेवढी टेकायची. त्या हलक्या होत चालल्या होत्या. अगडबंब विक्रेत्याने हसत हसत सांगितलेलं तेच माझ्या अंगावर घडत होतं. पण गादीला तोंड नसतं.

चष्मेवाल्यांना वाटलं, रबर जुनं होऊन आवळलं असेल. त्यांनी चेन उघडली आणि मऊ थर वर आणला. बाईंना थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा टोचायला लागलं. त्यांनी तळाचा कडक थर काढून बाजूला ठेवला. मग वर कापसाची घडी घातली. दर सुट्टीला सकाळी हाच उद्योग. वरखाली करून बघायचं, बाईंना निजवायचं आणि तोच प्रश्न विचारायचा. बायकोला नीट झोप लागावी, यापलीकडे त्या माणसाला काही नको होतं. म्हणून तर मला त्यांच्यावर रागावताही येत नाही.

घरात दुसरं कुणी नव्हतं. लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. शेजारीण यायची, ती उलट बाईंना विचारायची, कसली पथ्यं करताय, मलाही सांगा, कशा सडपातळ झालात. बाई हसायच्या. आरशासमोर त्यांनाही थोडं बरं वाटत असावं. चष्मेवाले माणसांचे फक्त डोळे बघणारे, आणि बाईंचे डोळे शाबूत होते. रोज समोर असलेलं माणूस जरा जरा कमी होत गेलं तर ध्यानात येत नाही.

आणि मऊ थर वर आल्यापासून त्यांची स्वतःची कंबर पार गेली होती. सकाळी पलंगाची कड धरून, दात आवळून उठायचे, आवाज करायचे नाहीत. बाईंची पाठ त्यांच्याकडे असायची म्हणून त्यांना वाटायचं, कुणाला कळत नाही. समोरच्या कपाटाला आरसा होता. बाई त्यात सगळं बघायच्या.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी चष्मेवाल्यांनी पुन्हा चेन उघडली. मऊ थर उलटा करून घातला, बाईंना निजवलं, उठवलं, परत सुलटा घातला, परत निजवलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. चष्मेवाले एका हाताने कंबर धरून वाकले आणि म्हणाले, "आता नीट सांग. आधीचं बरं, की हे बरं?"

बाई आरशाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दोन्ही सारखंच वाटतंय."

चष्मेवाल्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी चेन लावली, वर चादर ताणून घातली आणि हात झटकले. आपला नंबर सापडला, असं त्यांनी शेजारणीलासुद्धा सांगितलं. त्यानंतर त्यांनी मला उघडलं नाही, आणि बाईंनीही पुन्हा कधी कडक लागतं असं म्हटलं नाही. त्या कुशीवर निजायच्या, मग दुसऱ्या कुशीवर, मग उताण्या, आणि कुठेच बरं वाटेना झालं की डोळे मिटून गप्प पडायच्या. मी जेवढी मऊ होऊ शकत होते तेवढी झाले. पण माझ्या हातात काय होतं?

पुढे थंडी पडायला लागली तेव्हा लेक माहेरी आली. कितीतरी महिन्यांनी आली होती. चहा झाल्यावर आईशेजारी आडवी झाली, तशी ती माझ्यात चांगली रुतली, आणि मान वळवून बघते तर आई वर, काठावर ठेवल्यासारखी. ती उठून बसली. चादर सरळ करायचं निमित्त करून तिने आईच्या पाठीखाली आणि गुडघ्याखाली हात घातले आणि उचललं. आई सहज उचलली गेली. लेकीने तिला पुन्हा खाली ठेवलं, फार सावकाश ठेवलं.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "आईच्या अंगात काही राहिलेलंच नाही."

चष्मेवाले म्हणाले, तिला गादी कडक लागत होती, ते मी सगळं ठीक केलंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीने आईला दवाखान्यात नेलं. परत आल्या तेव्हा तिघांमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते लेकीने बाहेरच्या खोलीत फोनवर कुणाला तरी सांगितलं, ते मी ऐकलं. दुखणं हाडांत उतरलं होतं. पहिल्यांदा टोचायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं, आता करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, असं ते म्हणाले होते.

त्यानंतर बाई माझ्यावरून फारशा उठल्याच नाहीत. एका दुपारी लेक औषधं आणायला गेलेली असताना चष्मेवाले पलंगाच्या कडेला बसले होते. मग त्यांनी विचारलं, सारखंच वाटतंय, असं का म्हणालीस?

"तुमची कंबर दिसत होती मला आरशात," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एकदाचं थांबू दे बाई हे. आणि खरं सांगू का, दमले होते हो मी."

चष्मेवाले माझ्या खोळीची चेन बोटाने उगाच पुढेमागे करत राहिले. म्हणाले, "गिऱ्हाईक दमलं की मला लगेच कळतं. मी थांबतो, पाणी देतो. तुला पाणीसुद्धा विचारलं नाही मी."

"आता द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पाणी आणलं, मानेखाली हात घालून पाजलं. दोन घोट घेतले त्यांनी.

झाडांना नवी पानं फुटायच्या आधीच बाई गेल्या.

माणसांची वर्दळ ओसरली, लेक आपल्या घरी परतली, आणि एका सकाळी चष्मेवाले एकटेच माझ्याजवळ आले. चादर काढली आणि बाईंच्या बाजूवर तळहात ठेवला. खांद्याच्या जागी, कमरेच्या जागी, टाचांच्या जागी चाचपून बघत राहिले. त्यांना खड्डा हवा होता, एवढासा तरी. साध्या कापसाच्या गादीने तो जपला असता. माझ्यात काही नव्हतं. माझी सगळीकडे तारीफ झाली ती याचसाठी, आणि त्या दिवशी मला माझीच किळस आली. त्यांनी हात उचलला तसा त्यांच्या हाताचाही ठसा मी पुसून टाकला.

तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत बाकावर निजतात. मला इथे खिडकीशी उभं केलं. खोळ फाटली आहे. रबराला ऊन चालत नाही, हे विक्रेता सांगायला विसरला होता. रोज दुपारी ऊन माझ्या उघड्या कडेवर येतं, तिथे मी पिवळी पडले आहे, तडकले आहे, बोट लावलं तर भुगा पडतो. बाई म्हणाल्या तेव्हा मी कडक झालेली नव्हते, मित्रांनो. आता खरोखरच होत चालले आहे, आणि आता ते सांगायला कुणी नाही.

मला सावलीत हलवा, माझी खोळ शिवा, असं मी मागणार नाही. त्याने काय होणार आहे? माझं ऐकून कुणी काही करील अशी आशाही मला उरलेली नाही, कारण माणसं हसत हसत ऐकतात आणि विसरतात. तरी सांगते. तुमच्या घरात कुणी म्हणालं की हल्ली गादी कडक लागते, तर गादीला हात लावू नका. आधी त्या माणसाला दोन्ही हातांनी उचलून बघा.