वेणूचा सरळ पाय

"पाय आत घे गं, वेणू! इथं काय होडी लावायची हाय?" ठकी कडाडली.

"वाकतच नाय तो, तर आत घेऊ कसा?"

डहाणूच्या बाजारात छपराखाली मासळीवाल्यांची रांग भलती दाट. उकिडवं बसून मावेल तेवढीच जागा एकीच्या वाट्याला. पुढे गिऱ्हाइकांची ये-जा, म्हणून आगरच्या वेणूचा सरळ पाय तिरका ठकीच्या टोपलीला भिडला होता.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात टोपली उचलताना वेणूचा गुडघा जो अडकला, तो ना सरळ होईना ना मिटेना. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आतली गादी फाटून सांध्यात अडकलीये, गुडघा उघडून काढावी लागेल.

"आन त्या जागी काय घालनार?"

"काही नाही."

"अगं बया! खाटेवरची गादी काढली तर मानूस गोधडी तरी टाकतं!"

डॉक्टर हसले. गादी काढल्यावर अडकणं थांबलं, वेणू चालू लागली, पण गुडघा पुरता मिटेना. पावसाळाभर घरात तिचा जीव नुसता तळमळला. नवरा म्हणे, "घरी बसून सुकट निवड." आज इथे जागा मिळाली नाही तर जन्मभर सुकटच निवडायची, हे तिला पक्कं कळलं होतं.

"खोक्यावर बस की," ठकी म्हणाली.

"मंग विळी काय डोक्यानं दाबू?"

"मेली, मुंबईहून पाय लांब करून आली!" असं पुटपुटत ठकीने टोपली ओढली आणि शेजारणीला ढोसलं. शेजारणीने पलीकडचीला. सगळी रांग सरकली. वेणूच्या जिवात जीव आला. चांगला डावा पाय विळीवर ठेवून ती ऐटीत बसली.

मग तिचं लक्ष टोकाला गेलं. म्हातारी भिकी छपराबाहेर ढकलली गेली होती. बिचारी डोक्यावर पदर ओढून उन्हात बोंबलांवर पाणी मारत होती. वेणूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन्ही हातांनी पाय ओढून पाहिला. घामाघूम झाली, पण गुडघा काही मिटेना.

तेवढ्यात तिच्या नेहमीच्या मास्तरीणबाई आल्या. "आलीस का गं वेणू? काय देतेस आज?"

दिवसाच्या या पहिल्या विक्रीसाठी, याच भवानीसाठी, ती इतके दिवस झुरली होती. हातातलं पापलेट तिने खाली ठेवलं.

"बाई, आधी त्या टोकाला जा. भिकीचे बोंबील उन्हात हायेत. मंग माझ्याकडं या."

"येडे, भवानी घालवलीस!" ठकी ओरडली.

"तू गप गं," वेणू म्हणाली.

टोकाला भिकीने बाईंकडून मिळालेलं नाणं कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं.