पुढच्या दाताच्या कॅपने खाल्लेलं शहर

मी कॅप बोलतेय. डोक्यावरची नव्हे हो, दातावरची! वरच्या ओळीत अगदी मधोमध माझी जागा. काहीही खायचं म्हटलं की पहिला मान माझा, दाढांकडे ते मागाहून जातं. म्हणून दाढा माझ्यावर जळतात. जळोत बापड्या.

माझा जन्म भट्टीतला. लॅबवाल्याने मला घडवलं, भाजलं, रंगवलं आणि डबीत घालून धाडलं ते थेट दातांच्या दवाखान्यात. तिथे नणंद-भावजय दोघी डॉक्टर. भावजय ती माझी मालकीण. शाळेत असताना पडून तिचा हा दात तुटला आणि वर्गाने तिचं नाव ठेवलं ‘खिंडार’. पुढे दातावर कॅप आली, ती झिजली, मग मी आले. सवय मात्र जाईना. हसू आलं की हात तोंडावर! मी एवढी नटूनथटून बसलेली, आणि मला दिसायचं काय, तर तळहात.

मला बसवलं ते नणंदेने. ताई म्हणजे दवाखान्यातला दरारा. पेशंटने चॉकलेटचं नाव काढलं की त्याला खुर्चीतच फैलावर घ्यायच्या. त्यांची पद्धत अशी, की नवी कॅप आधी कच्च्या सिमेंटवर बसवायची, चार दिवस चावून बघायचं, मग पक्की करायची. तोवर कडक नाही, चिकट नाही! पण जगाचे दात बघता बघता घरचा दात राहूनच गेला. तेवढ्यात परगावची परिषद आली. “आल्यावर पक्की करू,” ताई म्हणाल्या. झालं!

परिषदेत मालकिणीचं आयुष्यातलं पहिलं भाषण होतं, जेवणानंतर लगेच. विषय काय, तर घाबरलेल्या पेशंटला तोंड उघडायला कसं लावावं. आणि इथे बोलणारीचंच तोंड उघडेना.

“ताई, माझा हात तोंडावर जाणारच. सगळे बघणार. मी नाही जात स्टेजवर.”

“आधी या सभागृहातून बाहेर पडू,” ताई म्हणाल्या. “जुनं शहर समोरच आहे. नुसती बसून राहिलीस तर भाषणाआधीच आजारी पडशील.”

काय सांगू तुम्हाला! त्या दगडी गल्लीत पाऊल टाकलं आणि ताईंच्या अंगात वारंच शिरलं. गल्ली इतकी अरुंद, की समोरून हातगाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. वर वाळत घातलेल्या चादरी, खाली झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, आणि वळणावळणाला काहीतरी तळतंय, भाजतंय, उकळतंय! भट्टीतल्या गरम पावाचा कुरकुरीत पापुद्रा पहिला मी फोडला. मग निखाऱ्यावरचा मासा. मग कागदाच्या पुडीतले बटाटे, मग कसलंसं आंबट लोणचं, ज्याने मी मुळापासून शहारले.

डॉक्टरी काही सुटत नव्हती म्हणा. “या पाववाल्याची अक्कलदाढ काढायला हवी,” ताई फुंकर घालत म्हणाल्या. “पण पाव काय केलाय मेल्याने!”

गंमत म्हणजे प्रत्येक टपरीवर परिषदेचेच डॉक्टर! गोडाला शत्रू मानणारी ही मंडळी एकमेकांना बघून गळ्यातले बिल्ले शर्टात लपवत होती, आणि पाक हनुवटीवर ओघळत होता.

शेवटी आम्ही शहराच्या तटाशी आलो. कुठल्याशा लढाईत त्याला भलंमोठं खिंडार पडलं होतं. लोक, त्यात परिषदेचे डॉक्टरही, त्याच्यापुढे ओळीने उभे राहून फोटो काढत होते. त्याच्या सावलीत एक आजीबाई कढईतल्या पाकात भाजलेले दाणे ओतून वड्या थापत होती.

“ताई, चिकट आहे.”

“खा गं! एकदा खाऊन काही होत नाही.” हे कोण म्हणतंय? ताई!

मालकिणीने कचकन चावा घेतला. कट्! मालकीण तिकडे, मी वडीत.

“अगं बाई! कच्च्या सिमेंटवर होती ना ती!” ताई किंचाळल्या.

“तुम्हीच बसवलीत,” मालकीण हाताआडून म्हणाली. डोळे पाण्याने भरलेले.

आजीबाईने कपभर गरम चहा दिला. साखर विरघळेल, मी सुटेन, असा बेत. कप घेऊन दोघी पळत सुटल्या. सभागृहाबाहेर दातांच्या सिमेंटचे स्टॉलच स्टॉल, पण मी सुटायला तर हवी! घाईत ताईंनी वडी उलटी बुडवली होती. मी वरच्या टोकाला, कोरडी ठणठणीत. आणि मालकिणीचं नाव पुकारलं गेलं.

ती स्टेजवर गेली ती तोंडावर हात घेऊनच. ताई कप घेऊन खाली बसल्या, कपात मी. मग तो हात हळूच खाली आला.

“पेशंटला मी तोंड उघडायला सांगते,” ती म्हणाली, “आणि स्वतःचं मात्र कायम झाकते. आत्ताच माझी कॅप साखरेच्या वडीत गेली. ती बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत चहा घेऊन बसल्यात.”

हॉल हशाने फुटला नुसता.

“शाळेत मला खिंडार म्हणायचे. आज सकाळची व्याख्यानं बुडवून तुम्ही सगळे तटाकडे गेला होतात. खरं सांगा, फोटो कशाचा काढलात? धड भिंतीचा?”

टाळ्या थांबेनात. ताई ढसाढसा रडत होत्या, आणि रडता रडता भान विसरून त्यांनी वडी तोंडाकडे नेली. अहो ताई, मी आहे ना वर!

“ताई, ती खाऊ नका!” मालकीण स्टेजवरून ओरडली आणि हसत सुटली. पोट धरून, मान मागे टाकून, दोन्ही हात पोटावर.

संध्याकाळी ताईंनी मला एका स्टॉलवर पक्की बसवली. भोवती शंभर डॉक्टर, शंभर सल्ले! आता मी हलत नाही. मालकीणही हसताना हात वर नेत नाही, मला माणसं दिसतात. पुढच्या परिषदेचं निमंत्रण आलंय. ताई, कुठलंही शहर असू दे, आपण सगळं खाऊ. वडी तेवढी दाढांना द्या, त्यांचाही रुसवा जाईल.

तिच्या प्रत्येक हसण्यात मी असते. पण आत बसून ते दिसत नाही हो. त्या दिवशी एकदाच, चहाच्या कपातून, मी तिला हसताना बघितलं. माझ्यावाचून ती किती सुंदर हसते!