नऊ घरांची एक खुर्ची

"बाई उंबऱ्यात यायच्या आत खुर्ची मागच्या दारानं आत गेली पायजे. आन् वरची चादर बदला!" सोजराबाईंचा तो हुकूम माझ्या कानांतून अजून जात नाही.

मित्रांनो, मी पिंपरीची एक जुनी सागवानी खुर्ची आहे. सोजराबाईंनी शेताच्या कडेला नऊ खोल्या बांधून कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. त्या साऱ्या गल्लीत खुर्ची म्हणजे मी एकटी, आणि तीही मालकिणीची.

१९६८ सरता सरता जगभर फिरलेला ताप आमच्याकडेही आला. कायम कामगारांना भरपगारी रजा मिळाली. रोजंदारीवाल्यांना कोणी विचारले नाही. रोजंदारीवरचा मेकॅनिक इब्राहिम पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. त्याच्या बायकोच्या, खैरुन्निसाच्या चुलीवर नुसते पाणी उकळू लागले, आणि दोन लेकरे त्या पाण्याकडे बघत बसत.

अशा घरांची पाहणी करायला पुण्याच्या एका संस्थेतून कुसुमताई आल्या. जे घर गरजू ठरेल त्याला दोन महिन्यांचे धान्य मिळणार होते.

पण पाहुणी बाई जमिनीवर बसली तर गल्लीचे नाक कापले जाईल ना! म्हणून सोजराबाईंनी मला रोज नव्या चादरीखाली घरोघर पळवले. कुसुमताई माझ्यावर बसून ताप विचारत, मजुरी विचारत, आणि जाताना कागदावरच्या 'खुर्ची' या शब्दापुढे खूण करत. ही कोणाची, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. कोणी आपणहून सांगितलेही नाही.

यादी लागली. खुर्ची असलेले घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी, असा त्यांचा हिशेब. नऊच्या नऊ नावे गळाली!

त्या दिवसापासून मी गल्लीची वैरीण झाले. येताजाता लाथा बसू लागल्या. एकाने माझा हात मोडला. शेवटी खैरुन्निसाने मला फरफटत सोजराबाईंच्या अंगणात आणून आपटले.

"घ्या आक्का! तुमचं नाक राहिलं. माझ्या पोरांनी आता काय, तेच खायचं?"

"तुझ्या घरात ताप मी आणला व्हय गं? तोंड होतं ना तुला, बोलायचं मग बाईंपुढं!"

"तुमच्याच खोलीत राहून?"

सोजराबाई खाली बघत म्हणाल्या, "उद्या जाते पुण्याला. सांगते, खुर्ची एकच हाय, माझी हाय."

"तुम्ही? चार माणसांत चूक कबूल करणार?" खैरुन्निसा कुत्सित हसली. "राहू द्या!"

मित्रांनो, मला लाथा बसल्या त्याचे मला काही नाही. मी लाकूडच. पण कोणाच्या घरी मोजमाप करायला गेलात, तर आधी डब्यात पीठ आहे का ते बघा. खुर्ची मागून आणता येते, पीठ रोज कोण देणार?

दुसऱ्या दिवशी सोजराबाईंनी देवापुढे दिवा लावला, पदर खोचला आणि कोणाला हाक न मारता मला स्वतःच्या डोक्यावर घेतले.

"काय मालकीणबाई, वरात कुणीकडं?" कोणीतरी खिजवले.

सोजराबाई तशाच स्टेशनच्या वाटेला लागल्या.