चिठ्ठीवरचा टाका

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मी एक जुना लोकरी कोट आहे. एका शब्दाने मला भर थंडीत रस्त्यावर कसं आणलं, ते आज तुम्हाला सांगतो. त्या दिवसाची आठवण आली की अजून माझी लोकर उभी राहते.

माझा जन्म एका स्टेशनमास्तरांसाठी झाला. गडद निळं कापड, आतून मऊ अस्तर आणि शिंगाची सहा बटणं. बारा हिवाळे मी फलाटावर काढले. मास्तर, कोट बाकी झकास हं, असं कुणी म्हणालं की माझी कॉलर आपोआप ताठ व्हायची. मग मास्तर निवृत्त झाले आणि मी डांबरगोळ्यांच्या संगतीत पेटीत गेलो. किती वर्षं गेली कुणास ठाऊक. एके दिवशी डोळे उघडले तेव्हा मी जुन्या बाजारात खुंटीला लटकत होतो.

तिथून मला एका टपाल वाटणाऱ्या बाईने घेतलं. गल्लीत तिला सगळे जुन्याबाई म्हणत. कारण तिच्या घरात नवं असं काही नव्हतंच. खुर्चीचा चौथा पाय दुसऱ्याच खुर्चीचा होता. किटली बिनझाकणाची, म्हणून तिच्यावर बशी. कोपऱ्यावरच्या दगडी बाकावर लोक नको झालेल्या वस्तू ठेवून जात, ज्याला हव्या त्याने न्याव्यात म्हणून. जुन्याबाई टपाल वाटून परतताना तिथे रोज थांबायची. कुणी हसलं तर म्हणायची, "अहो, मीच कुठे नवी आहे?" आणलेली वस्तू धुऊनपुसून जागेवर ठेवली की ती हात जोडायची. देणारा कोण हे माहीत नसायचं, म्हणून आभार थेट देवाकडे पोचते करायची. शेवटी टपालवालीच ती.

तिची लेक मात्र बाक दिसला की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. ती नर्सिंग शिकायला दूर डोंगरावरच्या गावी निघाली होती. परवा सकाळची बस होती. तिथली थंडी हाडं गोठवणारी, आणि पोरीकडे धड गरम कपडा एकही नाही. आईने वर्तमानपत्रात गुंडाळलेला मी पुढे केला, तर तिने पुडा सोडलासुद्धा नाही.

"दुसऱ्याच्या अंगावरचा कोट मी घालणार नाही. एक वेळ कुडकुडत जाईन."

मित्रांनो, मी हबकलोच. बारा वर्षांची वाहवा एका वाक्यात उतरली. माझी बाही खांद्यापाशी उसवली होती, म्हणून आईने मला पुड्यासकट शिंपीकाकांकडे नेलं. पोर हो म्हणो वा नाही, तिच्या पेटीत तळाशी हा ठेवून देणार, असं तिने त्यांना सांगितलं.

शिंपीकाका कमी बोलणारे. कपडा आला की त्याचं काय करायचं, ते एका शब्दात चिठ्ठीवर लिहून टाचणीने लावायचे. 'बटण'. 'काज'. 'उसवा'. माझ्या खांद्यावर त्यांनी लिहिलं, 'टाका', आणि कुणाच्या तरी पडद्यांची मापं घ्यायला निघून गेले.

नेमकी त्याच दिवशी त्यांची नवी सून पहिल्यांदा दुकान आवरायला आली होती. मोठी हौशी, सासऱ्यांचा शब्द खाली पडू न देणारी. तिने चिठ्ठी वाचली. मला उचललं, छान घडी घातली आणि नेऊन त्या कोपऱ्यावरच्या बाकावर ठेवलं.

मी ओरडणार कसा? मला तोंड नाही, आहेत ती काजं. ज्याच्या दारी बरं व्हायला गेलो, त्याच्याच दारातून मला बाहेर काढलं होतं. एका माणसाने मला उलटंपालटं केलं आणि एक बटण उपटून नेलं. एक कुत्रं हुंगून गेलं. त्यालाही डांबरगोळ्यांचा वास रुचला नाही. उन्हं उतरली. परवा पोर कशाच्या आधाराने निघणार, एवढंच मनात घोळत राहिलं.

तेवढ्यात ओळखीची पावलं वाजली. जुन्याबाईची लेक होती. सवयीने ती रस्ता ओलांडू लागली, अर्ध्यावर थबकली आणि मागे फिरली. इकडेतिकडे पाहिलं. मला चाचपलं, छातीशी धरलं आणि पळतच सुटली.

"आई, हा तुझ्यासाठी," ती दारातूनच म्हणाली. "पहाटे त्या विरलेल्या स्वेटरवर फिरतेस. मी गेल्यावर तुझ्याकडे कोण बघणार? बाकावर होता. ही चिठ्ठी बघ, 'टाका' म्हणे. इतका चांगला कोट लोकांना टाकवतो तरी कसा?"

आईने शिंपीकाकांचं अक्षर ओळखलं आणि मला मांडीवर ओढून घेतलं.

"अगं, हा टाकायचा टाका नव्हे," ती म्हणाली. "घालायचा टाका आहे. तू पुडा सोडला नाहीस ना, त्यातलाच कोट हा."

लेकीने माझ्या बाहीत तोंड खुपसलं. बाही ओली झाली, एवढंच सांगतो.

इतक्यात शिंपीकाका धापा टाकत आले. पायांत दोन वेगळ्या चपला, मागे रडवेली सून. मला आईच्या मांडीवर पाहून ते उंबऱ्यावरच बसले. पोरीला बोल लावू नका, म्हणाले, माझाच शब्द तोकडा बेतला गेला. आईने सुई ओवली, सुनेच्या हातात दिली आणि टाका आता तूच घाल, असं सांगितलं. तिने तो असा घातला की आजवर तसूभर हललेला नाही.

मग मायलेकींची ओढाताण सुरू झाली, तू घाल, नाही तू घाल. आई जिंकली. आपल्याला चालून चालून ऊब येते, असं तिने सांगितलं. ते खोटं होतं. ऊब कशाला म्हणतात ते मला कळतं, माझा धंदाच तो आहे.

बस सुटली तेव्हा मी लेकीच्या अंगावर होतो, आणि खाली उभ्या आईच्या अंगावर तोच विरलेला स्वेटर होता. लेक खांद्यावरच्या टाक्यावर हात ठेवून वळणापर्यंत मागे बघत होती.

मित्रांनो, त्या घरात मी दोनदा आलो. एकदा आईने लेकीसाठी आणलं, एकदा लेकीने आईसाठी. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा. तिला कदाचित एक टाकाच हवा असेल. आणि थंडीच्या सकाळी दारात टपाल पडलं, तर ते ठेवून पुढे गेलेल्या बाईची आठवण असू द्या. तिच्या अंगावर काय आहे, तेवढं माझ्यासाठी बघा.