ताप गिळणारी पट्टी

"वहिनी, लिस्ट म्हणजे पिशवी. काहीही कोंब, जसंच्या तसं परत मिळेल. अ‍ॅरेचं तसं नाही. तो प्रोग्राममधला एकाच जातीचे आकडे ठेवणारा साचा. सुरुवातीला नुसते पूर्णांक भरलेस, तर पुढे येणाऱ्या आकड्याचं दशांशाचं शेपूट तो गुपचूप छाटतो. ओरडतसुद्धा नाही."

नणंदेनं हे भर ऑफिसात सुनावलं होतं.

"वन्सं, माझ्या संसारात नाक खुपसता तेवढं पुरे. प्रोग्राममध्ये नको," वहिनीनं उलट फटकारलं होतं.

दोघींची कंपनी बाळांच्या दंडावर चिकटवून ताप मोजणारी पट्टी बनवत असे. वहिनी त्याचा प्रोग्राम लिहायची, नणंद तपासायची. लिस्टवरचा हिशेब रडतखडत चाले, म्हणून तिनं अ‍ॅरे आणला आणि रिकाम्या जागांत सरसकट सदतीस, म्हणजे निरोगी बाळाचं सेल्सिअसमधलं तापमान, भरलं. काम सुसाट झालं. साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि नणंदेची तक्रार 'घरगुती भांडण' म्हणून उडवून लावली.

आज तिच्या लेकीच्या गालाचा हाताला चटका बसला. लेकीच्या दंडावरची पट्टी मोबाइलवर निवांत अडतीस दाखवत होती. साधा थर्मामीटर लावला, तर अडतीस पॉइंट नऊ! साडेअडतीसलाच पट्टीनं बोंब मारायला हवी होती. डॉक्टरांना विचारून तिनं औषध पाजलं आणि मग नणंदेला फोन लावला.

"आठवल्या का वन्सं?" पलीकडून नणंद म्हणाली.

"टोमणे नंतर मारा. लेक तापलीय. पट्टी अडतीसच म्हणतेय."

"जागा कशानं भरल्या होत्यास? सदतीस की सदतीस पॉइंट शून्य?"

"सदतीस."

"छाटलं शेपूट! आणि तेही माझ्या भाचीचं. थांब, साहेबांना जोडते."

साहेब गुरगुरले, "सोमवारी दुरुस्त करू. आत्ता बोभाटा केलात तर दोघींनाही घरी बसवीन."

"बसवा," नणंद म्हणाली आणि तिनं त्यांचा फोन कापला. "वहिनी, सगळ्या ग्राहकांना सूचना पाठवायची सोय तुझ्याकडे आहे ना? पाठव. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"माफी मागितलीय कुणी?"

लेकीला खांद्यावर टाकून तिनं एका हातानं टाइप केलं:

'आमच्या पट्टीवर विसंबू नका. चूक माझी आहे. पडद्यावर अडतीस दिसत असेल, तर खरा ताप त्याहून जास्त असू शकतो. हे वाचताय तिथून उठा. बाळ शांत झोपलं असलं तरी त्याच्या कपाळाला हात लावून बघा. आत्ता.'